छपरावरची वीज : लाभ कोणाचा, भार कोणावर?

नागपूरच्या उन्हाविषयी आजवर तक्रारीच्या सुराशिवाय कोणी फारसे बोलले नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो, दुपारी रस्ते ओस पडतात, आणि एके काळी वाळ्याच्या ताट्यांवर भागणारे घर आता रात्रंदिवस कूलर चालविल्याशिवाय राहण्याजोगे उरत नाही. याच उन्हाकडे गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय कुटुंबे बचतीचे साधन म्हणून पाहू लागली आहेत. शहराच्या नव्या-जुन्या ले-आउटांमधून स्वतंत्र घरांच्या गच्च्यांवर सौर पॅनेलांच्या निळ्या-काळ्या रांगा दिसू लागल्या आहेत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘प्रधानमंत्री सूर्यघर : मोफत वीज योजना’ जाहीर केली, एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठरविले आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद केली. त्यानंतर महावितरणने वेळोवेळी दिलेल्या माहितीत नागपूर जिल्हा राज्यात आघाडीवर राहिला आहे.

हे चित्र समाधानकारक आहे यात शंका नाही. कोराडी आणि खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांची राख ज्या शहराच्या उंबरठ्यावर पडते, त्या शहराने आपली काही वीज स्वतःच्या छपरावर तयार करावी यात एक प्रकारचा न्यायही आहे. तथापि या योजनेचा हिशेब अद्याप केवळ एका घराच्या बिलापुरता मांडला जातो. पॅनेल बसविले, बिल शून्याजवळ आले, एवढ्यावर चर्चा संपते. ज्यांच्या डोक्यावर स्वतःचे छप्पर नाही त्यांचे काय, सूर्य मावळल्यावर त्याच घराला वीज कोण पुरवितो आणि त्या पुरवठ्याचा खर्च कोणाच्या बिलात जातो, हे प्रश्न मागे राहतात. पॅनेलची किंमत हा या विषयातील मुख्य प्रश्न आता राहिलेला नाही. त्याची जागा हिशेबाच्या नियमांनी घेतली आहे.

किंमत उतरली कशी

सिलिकॉनचा सौर घट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पुढची वीस वर्षे तो मुख्यतः उपग्रहांसाठी वापरला गेला, कारण जमिनीवर तो कोणालाच परवडण्यासारखा नव्हता. सत्तरच्या दशकाच्या मध्यास एका वॅट क्षमतेच्या पॅनेलची किंमत आजच्या मोलाने शंभर डॉलरच्या आसपास होती. आज जागतिक बाजारात ती अर्ध्या डॉलरच्याही बरीच खाली आहे. उत्पादनाचा आवाका दर वेळी वाढला की किंमत उतरत गेली, आणि चीनने हा उद्योग प्रचंड प्रमाणावर उभारल्यानंतर ही उतरंड अधिकच तीव्र झाली.

नागपुरात तीन किलोवॅटचा संच बसविण्यास आज ढोबळमानाने पावणेदोन ते दोन लाख रुपये पडतात. गच्ची वापरात राहावी म्हणून लोखंडी सांगाडा उंच घेतला तर खर्च आणखी वाढतो. अनुदानासाठी पॅनेल भारतीय बनावटीच्या घटांचे असावे लागते आणि ते आयात मालाहून महाग पडते. उलट सप्टेंबर २०२५ मध्ये सौर साहित्यावरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्याने थोडा दिलासा मिळाला. केंद्राचे अनुदान पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये आहे. ते वजा जाता कुटुंबाच्या खिशातून लाख ते सव्वा लाख रुपये जातात. स्कूटर घेणाऱ्या कुटुंबाला आज ही रक्कम आवाक्याबाहेरची वाटत नाही, आणि बँकाही तीन किलोवॅटपर्यंत तारणाशिवाय कर्ज देतात.

ऊन वेगळे, उजेड वेगळा

नागपूरचे ऊन म्हणजे विजेची खाणच, असा एक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. पॅनेलला उजेड हवा असतो, उष्णता त्याला सोसत नाही. पॅनेलवर छापलेली क्षमता घटाचे तापमान २५ अंश धरून मोजलेली असते. त्यापुढे प्रत्येक अंशामागे उत्पादन सुमारे ०.३ ते ०.४ टक्क्याने घसरते. मे महिन्याच्या दुपारी गच्चीवरच्या पॅनेलचे तापमान ६५ ते ७० अंशांवर जाते, तेव्हा त्याच्या क्षमतेचा सहावा-सातवा हिस्सा केवळ उष्णतेने वाया जातो. म्हणूनच ज्या महिन्यात ऊन सर्वाधिक तापते त्या महिन्यात वीज त्याच प्रमाणात वाढत नाही. थंड हवेच्या युरोपीय शहरात हेच पॅनेल पडेल त्या उजेडाचा अधिक चांगला उपयोग करते. पण तिथे उजेडच कमी. जर्मनीत एक किलोवॅटचा संच वर्षाला साधारण हजार युनिटांच्या आसपास वीज देतो, तर नागपुरात तोच तेराशे ते पंधराशे युनिट देऊ शकतो. उष्णतेचे नुकसान सोसूनही नागपूर पुढे आहे, पण लोक समजतात तितके नाही.

त्यात पावसाळा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ झाकले की उत्पादन बरेच खाली येते. रस्त्यांची आणि इमारतींची कामे सतत चालू असलेल्या शहरात धूळही कमी नाही, आणि पॅनेल सकाळी किंवा संध्याकाळी नियमित धुतले नाही तर त्याचा परिणाम बिलात दिसतो. बहुतेक पॅनेलांची हमी २५ वर्षांची सांगितली जाते. परंतु विजेचे रूप बदलणारा इन्व्हर्टर त्याआधी, साधारणतः दहा-बारा वर्षांत, बदलावा लागतो. तो खर्च फारच थोडी कुटुंबे आधी धरून चालतात.

आणखी एक गैरसमज मोठा आहे. वादळी पावसात वाहिनी बंद पडली की सौर पॅनेल असलेल्या घरातही अंधारच होतो. वाहिनीवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून पुरवठा थांबताच हा संच आपोआप बंद होतो. बॅटरी घेतली तर गोष्ट वेगळी, पण तिने खर्च पुष्कळच वाढतो. ‘आता वीज जाण्याची चिंता नाही’ असे सांगून संच विकणारा विक्रेता ग्राहकाची फसवणूक करीत असतो.

दोन घरांचा हिशेब

महाराष्ट्रात घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होत जाते. २०२४-२५ साली महावितरणचा दर पहिल्या शंभर युनिटांसाठी ४ रुपये ७१ पैसे, तर १०१ ते ३०० युनिटांसाठी १० रुपये २९ पैसे होता. त्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क. त्यानंतर दरांत फेरफार झाले असले तरी टप्प्यांची ही रचना कायम आहे.

आता दोन घरे घेऊ. पहिले घर महिन्याला ३०० युनिट वापरते. स्थिर आकार वगळता त्याचे बिल वरील दराने सुमारे ३,३०० रुपये, म्हणजे वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास होते. तीन किलोवॅटच्या संचाने ते जवळपास नाहीसे झाले तर लाख-सव्वा लाखाची गुंतवणूक तीन वर्षांच्या आत-बाहेर फिटते. पुढची वीसहून अधिक वर्षे निव्वळ लाभाची. मध्यमवर्गीय माणसाला याहून चांगली ठेव कोणत्या बँकेत मिळणार?

दुसरे घर शिपायाचे, विणकराचे किंवा रोजंदारीच्या कामगाराचे. त्याचा वापर ९० युनिटांचा. त्याचे बिल त्याच दराने सहाशे रुपयांच्या थोडे वर. एका किलोवॅटचा संच त्याला पुरेसा आहे, पण लहान संच प्रमाणाने महाग पडतो आणि अनुदान वजा जाताही त्याला चाळीस हजारांच्या आसपास खर्च येतो. वर्षाची बचत सात-साडेसात हजार. गुंतवणूक फिटण्यास पाच ते सहा वर्षे लागतात. म्हणजे ज्याची ऐपत कमी त्याचा पैसा अधिक काळ अडकतो, आणि सरकारी तिजोरीतून त्याला मिळतात ३०,००० रुपये, तर पहिल्या घराला ७८,०००. योजना लबाडीने आखली आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु चढत्या दराच्या रचनेवर सरसकट अनुदान ठेवले की फळ वरच्या टप्प्यालाच अधिक लागते, हे गणितच आहे.

ही उणीव राज्य सरकारलाही जाणवली. २०२५ साली दारिद्र्यरेषेखालील आणि शंभर युनिटांपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी केंद्राच्या अनुदानावर राज्याचे वाढीव अनुदान जाहीर झाले. दिशा योग्य आहे. पण त्यासाठीही सावली नसलेले, पक्के आणि स्वतःच्या हक्काचे छत लागते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळी जागा हवी. महाल-इतवारीच्या दाटीतील वाड्यात ती कोणत्या बिऱ्हाडाच्या वाट्याला येणार? टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याने सांगाडा कशावर उभारावा? भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा शिक्षक किंवा वसतिगृहाबाहेर खोली घेऊन शिकणारा विद्यार्थी घरमालकाच्या गच्चीवर पॅनेल लावू शकत नाही, आणि घरमालकाला भाडेकरूचे बिल कमी करण्यात स्वारस्य नसते.

३१ मार्चची अडचण

हिशेबाच्या नियमांत नागपूरला विशेष बोचणारी एक गोष्ट आहे. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांनुसार छतावरील सौर ग्राहकाची जादा वीज वाहिनीत जाते आणि ती युनिटे पुढील महिन्यांच्या वापरातून वजा होतात. हाच नेट मीटर. मात्र हे खाते आर्थिक वर्षाबरोबर ३१ मार्चला बंद होते. शिल्लक युनिटे महावितरण ठरावीक दराने विकत घेते आणि १ एप्रिलला खाते पुन्हा शून्यापासून सुरू होते. हा खरेदीदर ग्राहक स्वतः वीज घेताना जो दर भरतो त्यापेक्षा पुष्कळच कमी असतो.

मुंबई-पुण्यात याने फारसे बिघडत नसेल. नागपुरात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड, आभाळ स्वच्छ आणि पंखेही बंद. याच काळात युनिटे साठतात. कूलर मात्र बाहेर निघतात मार्चच्या अखेरीस, आणि खरा वापर एप्रिल ते जूनमध्ये होतो. म्हणजे ज्या शिदोरीवर उन्हाळा काढायचा ती शिदोरी प्रवास सुरू होण्याच्या आदल्या दिवशी कवडीमोलाने विकावी लागते. आर्थिक वर्ष ही हिशेबनीसांची सोय आहे, ऋतूंनी ते मान्य केलेले नाही. विदर्भासाठी हे खाते ऑक्टोबर ते सप्टेंबर असे धरले तर हिवाळ्याची शिल्लक उन्हाळ्यात खर्ची पडेल, आणि बिल खाली आणण्यासाठी गरजेपेक्षा मोठा संच बसविण्याची प्रवृत्तीही आवरेल.

अर्थात महावितरणचीही बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. ग्राहक दुपारी वीज देतो, तेव्हा राज्यभरात सौर वीज मुबलक असते. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून जमिनीवर उभारलेल्या प्रकल्पांची वीज युनिटामागे तीन रुपयांच्या आसपास मिळू लागली आहे. तोच ग्राहक रात्री कूलर लावून वीज परत मागतो, तेव्हा ती कोराडीच्या कोळशातून येते. दुपारच्या स्वस्त युनिटाच्या बदल्यात रात्रीचे महाग युनिट एकास एक द्यायचे, तारा, रोहित्रे आणि कर्मचारी सज्ज ठेवायचे, आणि त्याबद्दल ग्राहकाकडून स्थिर आकारापलीकडे फारसे काही मिळायचे नाही. सौर ग्राहकाने वाहिनीचा उपयोग जवळजवळ फुकटच्या बॅटरीसारखा केला आहे, या म्हणण्यात तथ्य आहे.

या तफावतीचा भार हवेत विरत नाही. महाराष्ट्रात वरच्या टप्प्यातील घरगुती ग्राहक, उद्योग आणि व्यापारी संस्था सरासरी खर्चापेक्षा अधिक दर देतात आणि त्यातून खालच्या टप्प्यांना सवलत मिळते. वरच्या टप्प्यातील घरे छपरावरच्या विजेकडे वळली की ही मदत आटते. मग उरलेल्यांचा दर वाढतो, आणि त्या उरलेल्यांत छप्पर नसलेला भाडेकरू सर्वांत पुढे असतो.

इतरांनी काय भोगले

जर्मनी या मार्गावरून आधी गेला आहे. त्या थंड, ढगाळ देशाने १९९० साली हजार छपरांचा कार्यक्रम घेतला आणि २००० सालच्या कायद्याने सौर वीज देणाऱ्याला वीस वर्षे ठरलेला भाव दिला. जगात पॅनेल स्वस्त होण्यास ही मागणी मोठ्या प्रमाणावर कारणीभूत झाली, आणि त्याचे ऋण नागपूरच्या ग्राहकावरही आहे. परंतु त्या भावाचा खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांवर अधिभार लावून वसूल झाला. जर्मनीत निम्म्याच्या आसपास कुटुंबे भाड्याने राहतात. छप्पर घरमालकाचे आणि अधिभार भाडेकरूचा, अशी टीका तिथे अनेक वर्षे चालली. अखेर २०१७ साली भाडेकरूंना त्याच इमारतीच्या छपरावरची वीज मिळावी म्हणून स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि २०२२ साली तो अधिभार बिलातून काढून सरकारी तिजोरीवर घेण्यात आला. आता तिथे सज्जाच्या कठड्याला अडकविण्याजोगी लहान पॅनेले भाडेकरूही वापरतात.

कॅलिफोर्नियाने उलट टोक गाठले. एप्रिल २०२३ पासून नव्या सौर ग्राहकांना वाहिनीत दिलेल्या विजेचा मोबदला एकदम खाली आणला गेला आणि छतावरील सौर व्यवसायाला मोठा धक्का बसला. एका देशाने ओझे कोणावर पडते याचा विचार उशिरा केला, दुसऱ्या राज्याने तो एकाएकी केला. महाराष्ट्राने यांतील एकही चूक पुन्हा करण्याचे कारण नाही.

तरीही चिन्हे तशी दिसतात. २०२५ च्या प्रारंभी महावितरणच्या दरप्रस्तावात दिवसाच्या सौर तासांत तयार झालेली वीज त्याच तासांतील वापरातून वजा करण्याचा विचार पुढे आला, तेव्हा छतधारक ग्राहकांत मोठी अस्वस्थता पसरली. कर्ज काढून संच बसविलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने हा खेळ मध्यावर नियम बदलण्याचाच प्रकार होता. असा विचार एकदा मांडला गेला की तो पुन्हा येणार हे उघड आहे. नागपूरकरांच्या मनात अविश्वासाला जागा आहेच. २०११ साली शहराच्या मोठ्या भागाचे वीजवितरण खासगी फ्रँचायझीकडे गेले आणि २०१९ साली ते पुन्हा महावितरणकडे आले, हा अनुभव फार जुना नाही.

नियम कोणते हवेत

पहिली गोष्ट, ज्यांनी आजच्या नियमांवर विसंबून पैसा गुंतविला त्यांना ते नियम किमान दहा वर्षे पाळण्याची हमी मिळाली पाहिजे. पुढे येणाऱ्या ग्राहकांसाठी वाहिनीच्या वापराचा वाजवी मोबदला टप्प्याटप्प्याने आकारता येईल. पण तो आधी जाहीर करून, आणि शंभर युनिटांखालच्या ग्राहकाला वगळून. दुसरी गोष्ट, विदर्भासाठी वार्षिक खात्याची तारीख बदलावी. या दुरुस्तीला तिजोरीतून नवे अनुदान लागत नाही, आयोगाने विनियमात बदल करणे पुरेसे आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. छप्पर नसलेल्याला सामायिक सौर प्रकल्पात हिस्सा मिळाला पाहिजे. एका ठिकाणी तयार झालेली वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत वाटून वजा करण्याची पद्धत दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ मध्येच मान्य केली. नागपुरात महापालिकेच्या शाळा, पाण्याच्या टाक्यांचे परिसर, बाजारांच्या आणि महाविद्यालयांच्या इमारती यांची छपरे विस्तीर्ण आहेत. मेट्रोने आपल्या स्थानकांवर पॅनेले बसवून मोठ्या छपरांचा उपयोग कसा होतो हे दाखविलेच आहे. अशा छपरावरील अर्ध्या किलोवॅटचा हिस्सा भाडेकरूने हप्त्याने घ्यावा, घर बदलले तरी तो त्याच्या ग्राहक क्रमांकामागे जावा, आणि अनुदानही त्या हिश्शाला मिळावे, ही व्यवस्था अशक्य नाही. सदनिकांच्या सोसायट्यांना आज सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. त्यातून जिन्याचा दिवा आणि पाण्याचा पंप चालतो. त्यापुढे जाऊन सदनिकाधारकाच्या बिलापर्यंत हा लाभ पोहोचावयास हवा.

केंद्र सरकारने २००८ साली सौर शहरांचा कार्यक्रम हाती घेतला आणि पुढे आदर्श सौर शहर म्हणून नागपूरची निवड झाली. पाच वर्षांत पारंपरिक ऊर्जेची मागणी दहा टक्क्यांनी घटवावी, असे त्या कार्यक्रमाचे उद्दिष्ट होते. तो बहुमान फलकांवर अधिक काळ राहिला आणि छपरांवर उशिरा आला. आज छपरांवर वीज खरोखरच येत आहे, आणि ती आणण्यात सामान्य कुटुंबांच्या बचतीचा वाटा मोठा आहे. ऊन मात्र सर्वांच्याच डोक्यावर सारखे तापते. त्याचा लाभ गच्चीच्या मालकीवर वाटला जाणार की नाही, हे पुढील काही वर्षांत आयोगाच्या आणि सरकारच्या निर्णयांवर ठरेल. जनसुनावण्यांत आज उद्योगांचे आणि छतधारकांचे प्रतिनिधी बोलतात. ज्यांच्याजवळ छप्पर नाही त्यांच्या बाजूनेही तेथे कोणी तरी बोलणे अगत्याचे आहे.